इडलीपात्रातून आलेला अर्जदार

मी जन्माचा भित्रा. त्यामुळे गिरीराजच्या सिनेमात काम करायला मी हो कसा म्हणालो, हे मला अजून कळलेलं नाही.

गिरीराज माझा मावसभाऊ. येलहंक्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्या वर्षी शहरात एका चेटकिणीची अफवा उठली होती. ती म्हणे ओळखीच्या आवाजात दारावर हाक मारते आणि दार उघडलं की माणूस संपला. उपाय एकच. दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहायचं, म्हणजे 'उद्या ये'. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचते. आमच्या गल्लीत एकही दार कोरं राहिलं नव्हतं. माझ्या दारावर तर दोनदा लिहिलं होतं.

यावरून गिरीराजच्या डोक्यात सिनेमा शिजला. परग्रहावरून एक जण येतो, त्याच्या यानाला एक घागर पाणी हवं असतं. तो घरोघर फिरतो, पण प्रत्येक दारावर 'नाळे बा'. शेवटी सरकारी ऑफिसात रीतसर अर्ज करतो, तर तिथला कारकूनही तेच म्हणतो. यान म्हणजे मावशीचं इडलीपात्र, दोऱ्याला टांगलेलं. परग्रहवासी म्हणजे आमचा इस्त्रीवाला सयाजी, डोक्यावर पिठाची चाळणी आणि अंगाला मिठाईच्या दुकानातला चंदेरी कागद.

"अरे, दोरा दिसतोय ना," मी म्हणालो.

"दिसू दे की अण्णा. दोरा दिसला की लोक निर्धास्त होतात. मग त्यांना काहीही दाखव."

कारकून मी. नळजोडणीच्या ऑफिसात मी खराच कारकून होतो, म्हणून त्यानं मला पकडलं. आणि मी अक्कल गहाण टाकून आमच्या मल्लाप्पा साहेबांची नक्कल केली. चष्मा पुसत पुसत बोलायचं, समोरच्याकडे बघायचंच नाही. आलेला अर्ज बुडाखालच्या उशीखाली सरकवायचा, हे मात्र कॅमेरा सुरू झाल्यावर आपोआप झालं. गिरीराज तर खूशच झाला. मला वाटलं होतं, लग्नाच्या कॅसेटसारखी ही कॅसेटसुद्धा घरातली चार माणसं बघतील आणि विसरतील.

केबलवाल्या शिवकुमारनं शनिवारी संध्याकाळी सातला ती आपल्या चॅनलवर लावली. लोकांना इतकी आवडली की रविवारी पुन्हा, सोमवारी पुन्हा. भाजीवालीसुद्धा मला बघून "नाळे बा" म्हणायला लागली. मी मात्र धास्तावलो. कारण त्याच आठवड्यात बदल्यांची यादी निघणार होती. आमच्या ऑफिसातून एक माणूस बीदरला जायचा होता आणि नाव सुचवणार होते मल्लाप्पा साहेब. माझी बायको चंदना हिला आठवा महिना होता. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलू नको म्हणून बजावलं होतं आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

शिवकुमारचे पाय धरायचंच काय ते मी बाकी ठेवलं. "बंद कर रे बाबा."

"कसा बंद करू सार? लोक फोन करून मागतात. स्वल्प दिवस चालू दे."

मंगळवारी साहेबांनी बोलावून घेतलं. ते बेळगावकडचे, माझ्याशी मराठीतच बोलायचे. "काय हयवदन, सिनेमात गेलास म्हणे? आमच्याकडं ती केबल येत नाही. आज सातला तुझ्या घरी बघायला येतो."

दुपारभर मला एकही अक्षर धड लिहिता आलं नाही.

सातला साहेब आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसले, मी भिंतीला टेकून उभा. चंदना आतल्या खोलीत. इडलीपात्र डुलत खाली उतरलं, साहेब खुदकन हसले. मग पडद्यावर मी आलो आणि चष्मा पुसायला लागलो. साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी आपला चष्मा काढला आणि धोतरासारख्या मोठ्या रुमालानं पुसायला घेतला. आता संपलं, मी मनात म्हणालो. मला बीदरची बस दिसायला लागली आणि आत एकटी पडलेली चंदना दिसायला लागली.

"नाळे बा," पडद्यावरचा मी म्हणालो आणि अर्ज उशीखाली सरकवला.

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, हे तर हुबेहूब तूच की रे! तेच न बघणं, तीच उशी. येता-जाता रोज बघतो की मी तुला."

"साहेब, मी..."

"घाबरतोस कशाला? बीदरला दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. तुझ्या खुर्चीवर तुझ्यासारखा बसणारा मला मिळायचा नाही."

ते गेल्यावर चंदना आतून म्हणाली, "सुटलो हो!" तिला रडू आलं होतं. मीही सुटलो होतो, मग मला अजून भीती का वाटत होती? बदलीची भीती केव्हाच गेली होती. ही दुसरीच होती. साहेबांच्या खुर्चीवर उशी नाही. कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी ठकुबाई उभी होती. म्हातारी चार महिने नळासाठी खेटे घालत होती. तिच्या अर्जावर एकच सही राहिली होती, माझी. तिला बघताच सवयीनं माझ्या तोंडाशी ते दोन शब्द आले, पण तीच आधी बोलली.

"अण्णा, परवा शेजारणीकडं टीव्हीत बघितलं तुम्हाला. लई झकास केलंय."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"पण मधेच करंट गेला की हो," ती म्हणाली. "त्या चाळणीवाल्याला शेवटी पाणी मिळालं का?"

सिनेमात त्याला पाणी मिळत नाही. शेवटी ऑफिसच्या बाकावर फक्त चाळणी आणि चंदेरी कागद उरतो, आत कुणी नसतं. त्या जागी लोक सगळ्यात जास्त हसायचे. मीसुद्धा हसलो होतो.

"मिळालं," मी म्हणालो. मग उठलो आणि उशी उचलली.