राजेंद्रनं करमाड बंद केलं

माझ्या पोराला, राजेंद्रला, माणसं बंद करायची लई हौस. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तिथं कुणी ऐकत नसंल, म्हणून त्यानं मोबाइलातली चावडी काढली. परक्या कंपनीचं नको, आपलं घरचं पाहिजे म्हणं. वरच्या खोलीत एक काळा डबा रात्रंदिवस घरघरतो, त्यात निम्मं पडेगाव गप्पा मारतं. करमाडची अशीच वेगळी चावडी आहे, ती बुद्धभूषण गुरुजी चालवतात. चावड्या दोन, पण इकडचं लिहिलेलं तिकडं वाचता येतं.

मला त्यातलं तेवढंच कामाचं. माझी थोरली बहीण आशाक्का करमाडला असते, कानानं ठार बहिरी. फोनवर ओरडून माझा घसा बसायचा, तिला काही कळायचं नाय. वाचते मात्र झकास. माझी चौथीपर्यंतची अक्षरं तिला पुरतात.

मग येसर आमटीवरून पेटलं. करमाडच्या येसराला चव नाय, असं आकाशनं लिहिलं. आकाश राजेंद्रचा मेव्हणा, म्हणजे देवमाणूस. करमाडच्या एका पोरानं उत्तर दिलं, आकाशनं त्याची आई काढली, त्यानं याची आजी. आमटी करणाऱ्या बायांना कुणी विचारलंच नाय. राजेंद्रनं न्याय केला. बटण दाबलं आणि अख्खं करमाड बंद. तिकडचं इकडं दिसंना, इकडचं तिकडं जाईना.

घरात सांगायची पद्धत त्याला कुठली? मी रोज लिहायची, "जेवलीस का?" उत्तर नाय. वाटलं, म्हातारी रुसली. मग मीही रुसले, आमच्या माहेरी ते सगळ्यांना येतं. शेवटी मीच एसटीत बसले.

आशाक्का बाजेवर, पाय प्लास्टरात. तिनं मोबाइल माझ्या नाकाला लावला. तीनदा लिहिलं होतं, "पडले. ये."

"वाचून बी आली नाहीस," ती म्हणाली. तिच्या पोराला वाटलं, आईनं कळवलंच आहे.

गुरुजी आले. "मावशी, बंद तुमच्या राजेंद्रनं केलंय, आम्ही नाही. आमच्या पोराला महिनाभर गप्प बसवलंय. तुमच्या आकाशचं काय झालं?"

"तो रोज सकाळी चावडीवर गुलाबाचं फूल टाकतो," मी म्हणाले.

गुरुजींनी बसल्या जागी माझं मोबाइलातलं बिऱ्हाड करमाडच्या चावडीत हलवलं. जुनं लिहिलेलं मागंच राहतं म्हणाले. राहू दे, सगळं "जेवलीस का"च होतं.

संध्याकाळी मी घरी परतले, राजेंद्र ताटावर बसला. "आई, चावडीवर दिसत नाहीस?"

"करमाडला गेले."

"अगं, ते बंद केलंय. लई घाण बोलतात. नियम म्हणजे नियम."

भाकरी थापता थापता सुनेचा, मोनिकाचा हात थांबला. भावाचं नाव निघणार, हे तिला कळलं असावं.

"ऐक, साहेबा. शिव्या दिल्या तुझ्या मेव्हण्यानं अन् कुलूप लावलंस माझ्या बहिणीच्या तोंडाला. ती पाय मोडून मला हाका मारत होती. आता मी करमाडची, मलाही बंदच ठेव. पण आकाशला गप्प बसवून ते कुलूप काढत नाहीस, तोवर तुझ्या चावडीवर आईचं एक अक्षर दिसायचं नाय. घरात मात्र बोलणार, रोज, जेवताना. तिथं तुझं बटण चालत नाय."