अकरा दिवस माझ्या पोटात

मी बिदरच्या एका दवाखान्यातली जुनी फाइल आहे. माझे कोपरे झिजलेत, पाठीवर चिकटपट्टी आहे. कलबुर्गीच्या छापखान्यात पिवळा पुठ्ठा कापून मला बनवलं, तेव्हा मी कशी ताठ होते! दवाखान्यात आले आणि माझ्यावर नाव पडलं: सोजराबाई, गाव निर्णा.

मित्रांनो, तेव्हापासून मला चैन म्हणून नाही. वॉर्डातून प्रयोगशाळेत, तिथून एक्स-रेला, पुन्हा वॉर्डात. सोजराबाई खाटेवरून उठल्या की त्यांचा रक्तदाब एकदम खाली यायचा आणि त्या कोसळायच्या. "कामून पडायलीय ही, डॉक्टरसाब? खाणंपिणं तर बरं हाय," त्यांचे यजमान रामकिशन पुन्हा पुन्हा विचारत.

आपण न सांगता रक्तदाब, घाम, पचन सांभाळणाऱ्या काही नसा असतात. सोजराबाईंच्या त्याच नसा दुसऱ्या कुठल्यातरी आजारानं बिघडल्या होत्या. कुठल्या आजारानं? ते कळावं म्हणून डॉक्टर वीरण्णांनी त्यांच्या पोटावरच्या चरबीचा बारीक तुकडा हैदराबादला तपासायला पाठवला आणि त्यांना घरी सोडलं.

अहवाल आला तो त्या घरी गेल्यावर. कुणीतरी घाईत, न वाचताच, तो माझ्या शेवटच्या पानामागे लावला आणि मला नोंदींच्या खोलीत ढकललं. उत्तर माझ्या पोटात आणि बाई तिकडे निर्ण्यात! पंख्याच्या वाऱ्यानं पान फडफडलं तरी वाटे, आता कुणी बघेल. कुणी बघत नव्हतं. माझ्यावर दुसऱ्या फायली चढत होत्या.

शेवटी मी त्याच खोलीतल्या पंचशीलाच्या टेबलावर आले. मैलूरची ही मुलगी प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला क्रमांक लावायची. बिघडलेल्या नसांचा क्रमांक तिला पाठ होता, पण तो एकटा लिहायचा नाही असा नियम. ज्या आजारानं नसा बिघडवल्या, त्याचा क्रमांक आधी. आणि मूळ आजारापुढं लिहिलं होतं, 'तपास चालू'.

"शुगर टाक अन् मोकळी हो," खोलीतले वरिष्ठ भीमण्णा म्हणाले. "नसा बिघडल्या म्हंजे शुगरच असतीय."

"न्हाई अण्णा. हिची शुगर चांगली हाय. रिपोर्ट हाय की इथं."

"अगं, शंभर फायली पडल्यात!"

ती एकेक पान उलटत राहिली. मला धीर धरवत नव्हता. शेवटच्या पानाशी तिचा अंगठा अडला. मागे हैदराबादचा कागद होता, आणि त्यावर 'अमायलॉयडोसिस' हे नाव. शरीरात नको ते प्रथिन साचत जाणारा आजार.

"सापडलं न्हवं? लिही मग," भीमण्णा म्हणाले.

"मी कशी लिहू? डॉक्टरनं बघून लिहायला पाहिजे." मला छातीशी धरून ती भराभर जिना चढली.

वीरण्णांनी कागद दोनदा वाचला. "हा कधी आलाय?"

"तारीख बघा सर. अकरा दिस झाले."

त्यांनी फोन लावला. पलीकडचा रामकिशनचा आवाज मलाही ऐकू आला. "आज सकाळीच पडलीय साहेब, चुलीपाशी. हात भाजलाय."

"आत्ताच्या आत्ता घेऊन या."

दुपारी सोजराबाई आल्या. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. मूळ आजारावरचे उपचार पुढे हैदराबादला सुरू झाले. नसा पुरत्या सुधारल्या नाहीत. अजूनही त्या उठण्याआधी पाय खाली सोडून जरा बसतात, मग यजमानांचा दंड धरून उभ्या राहतात. पण आता पडत नाहीत. हातावरचा डाग मात्र राहिला. तो पडायला नको होता, मित्रांनो.

म्हणून एवढंच मागते. कुणाचा कागद हाती आला, तर ठेवून देण्याआधी वाचा, आणि ज्याला कळायला हवं त्याला लगेच सांगा. आम्हा फायलींना सगळं ठाऊक असतं, पण आम्हाला तोंड नसतं.