परत घ्यायचं राहिलेलं पत्र

आघाडीवरून:
"तब्येत ठीक. जेवण वेळेवर मिळतं. मागच्या दाराची कडी बदलून घेणे. आईला नमस्कार, छोटीला पापा."

आघाडीवरून, त्यानंतरचं:
"तब्येत ठीक. कडी बदलली का?"

बायको नणंदेला म्हणायची, "लग्न माझ्याशी झालंय आणि पत्रं कडीला येतात."

मध्येच एक रिवाज. चढाईच्या आदल्या संध्याकाळी पलटणीतला प्रत्येक जण घरच्यांसाठी शेवटचं पत्र लिहून हेडक्लार्ककडे द्यायचा. परत आला की आपलं पत्र मागून घ्यायचा आणि न उघडता चुलीत टाकायचा. मागायला कोणी आलं नाही, तर पत्र घरी जायचं.

कडीची चौकशी करणाऱ्या मेजरसाहेबांनीही लिहिलं. ते परत आले, पण खांद्यात गोळी घेऊन, स्ट्रेचरवरून थेट इस्पितळात. पत्र मागायचं राहिलं. क्लार्कने न मागितलेली पत्रं टपालात टाकली. नियमच तसा होता.

घरी:
तार नाही, नुसतं ते शेवटचं पत्र. तिने ते दोनदा वाचलं, पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि सासूबाईंना जेवायला वाढलं. कोणाला बोलली नाही. रस्त्यात सायकल थांबली की तारवाला आला वाटून हातातलं काम थांबायचं. कपाळावर कुंकू लावताना बोट अडायचं, मग लावायची.

इस्पितळातून:
"खांदा जरा दुखावला आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नये. कडीचं काय झालं?"

ती हसली नाही. दुपारी सुतार बोलावून कडी बदलून घेतली.

त्यानंतर:
बढत्या, बदल्या, सामानाच्या पेट्या. दर नव्या घरात पिठाचा डबा आणि त्याच्यामागे ते पत्र. घरात माणूस तोच, तब्येत ठीकवाला. पत्र घरी पोचलंय हे त्यालाही ठाऊक होतं. तिने विचारावं म्हणून तो थांबला. त्याने बोलावं म्हणून ती थांबली.

आता:
कर्नल निवृत्त, मुलगी परगावी. बायकोच्या डोळ्यांतला मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. नवऱ्याकडे बघायचं तर तिला नजर खिडकीकडे वळवावी लागते. अक्षरं मात्र कशीही बघितली तरी लागत नाहीत.

"अहो, एवढं वाचून दाखवा."

त्यांनी पाकीट ओळखलं.

"छोटी रविवारी येतेय. तिला सांग."

"तिला कशाला? तिला लिहिलंयत का?"

"चष्मा सापडत नाहीये."

"नाकावर आहे."

त्यांनी घसा साफ केला. परेडवर हुकूम वाचावा तसं वाचायला लागले. तारीख वाचली. स्वतःचा हुद्दा वाचला. विम्याचे कागद कुठे आहेत ते वाचलं. मग थांबले आणि पुढच्या परिच्छेदावर गेले.

"एक ओळ गाळलीत."

"घडीवर फाटलंय."

"फाटलेलं नाही. 'तू दुसऱ्या खोलीत गेलीस की भांड्याचा आवाज येईपर्यंत मला चैन पडत नाही.' पुढचंही पाठ आहे, म्हणू?"

"पाठ आहे तर मी कशाला वाचू?"

"इतकी वर्षं ते माझ्याच आवाजात ऐकतेय."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "तू दुसऱ्या," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "तू दुसऱ्या." मग कागदाची घडी नीट घालत बसले.

"राहू दे," ती म्हणाली. "चहा टाकते."

भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघरात गेली. पातेलं उचललं. नळाखाली धरणार, तेवढ्यात थांबली. ओट्याशी तशीच उभी राहिली.

बाहेरच्या खोलीत काही हललं नाही. बराच वेळ.

"अगं."

तिने नळावरचा हात काढून घेतला.

"अगं, आहेस ना?"

खुर्ची सरकली. तिने पातेलं दोन्ही हातांनी धरलं, कशालाही लागू नये म्हणून.