दोऱ्यानं बांधलेली पानं

ताईचं घर तिच्या धाकट्या भावानं बांधलं होतं. गोगलगायीच्या शंखासारखं, गोल वळत जाणारं. सरळ भिंत औषधालाही नव्हती. कपाटं बिचारी खोलीच्या मधोमध उभी असत. त्यांना वळसा घालताना ताईचे यजमान म्हणत, "आमचे मेहुणे निसर्गाच्या फार जवळचे. रुसून बसायला एक कोपरा म्हणून ठेवला नाही!"

पण घराची शान म्हणजे दिवाणखान्यातलं झाड. ते न तोडता त्याच्याभोवतीच घर उभं करायचं, ही धाकट्याची कल्पना. फरशीतून वर आलेला बुंधा काचेच्या घुमटाखाली फांद्या पसरून उभा होता.

आज तो आपल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना घेऊन आला होता. "बघा," तो रंगात येऊन म्हणाला, "झाडाला धक्का न लावता घर बांधता येतं. केवढी टवटवी आहे!" पान दाखवायला त्यानं खालची डहाळी ओढली, तर ती अलगद हातातच आली. टोकाला हिरवा दोरा होता, ताईच्या शिवणाच्या डब्यातला. त्यानं वर पाहिलं. सगळ्या डहाळ्या तशाच बांधलेल्या. झाड वाळून खडखडीत झालेलं.

ताई लगबगीनं पुढे आली. "माझंच चुकलं हो. पाणी घालायचं राहून गेलं."

"सांगितलं होतं ना तुला?" तो फटकन बोलून गेला. "एवढंसुद्धा जमलं नाही, ताई?"

ताईनं मान खाली घातली.

बुंध्याशी भरलेली बादली होती. रोजच्या पाण्यानं भोवतालच्या फरशीवर डाग पडले होते. ते पाहिले आणि त्याचे कान तापले. पाया खणताना मुळं आडवी आली, तेव्हा "तोडा, कुणाला कळतंय," असं तोच म्हणाला होता.

"मुळं मी तोडायला लावली," तो कसाबसा म्हणाला. "पाण्याचा काही संबंध नाही. हिची चूक नाही."

ताईच्या यजमानांनी घसा खाकरला. "वरच्या डहाळ्या मी बांधल्या होत्या, मेहुणे. तुमची मान खाली जाऊ नये, म्हणून हिनं सकाळपासून स्टुलावर चढवलं होतं मला."

तोंड लपवायला धाकट्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्या घरात खरंच एकही कोपरा नव्हता.