पाकळ्यांची फळी

रेजिनाने मिठाची तिसरी मूठ मातीवर पसरली, झग्याचा घेर गुडघ्यापाशी खोचला आणि टबात उतरून ती पुन्हा माती तुडवू लागली.

व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर मिसेस हॅलम मान किंचित कलती ठेवून ऐकत होत्या. शहाऐंशीव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि सावली एवढाच भेद उरला होता. परंतु पायाखालच्या मातीचा नाद ऐकून ती किती मुरली आहे हे त्या अचूक सांगत.

“अजून थोडी,” त्या म्हणाल्या. “मीठ हात आखडून घालू नकोस. मिठानेच ओल टिकते.”

“जनाबियाच्या खाऱ्या मातीला वरून मीठ घालायचं, मॅडम. समुद्राला पाणी पाजल्यासारखं.”

मिसेस हॅलम हसल्या. हा विनोद सोळा वर्षे दरवर्षी होत असे आणि दरवर्षी त्या हसत. यंदा तो करताना रेजिनाचे लक्ष खिशातल्या फोनकडे होते.

मिसेस हॅलम यांचा जन्म इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातला. चुनखडीच्या डोंगरांचा तो मुलूख. पाऊस पुष्कळ, पण पाणी खडकात जिरून जाणारे, म्हणून जिवंत झऱ्याचे मोल मोठे. पावणेसातशे वर्षांपूर्वी महामारीने गावेच्या गावे ओस पडली, तेव्हा ज्यांच्या विहिरीचे पाणी निर्मळ राहिले ती माणसे वाचली, असे तिथले वृद्ध सांगतात. त्या उपकाराचे स्मरण म्हणून तिथे दरवर्षी विहिरी सजवतात. लाकडी फळीवर ओली माती थापायची, तीवर बायबलातला एखादा प्रसंग रेखायचा आणि तो केवळ पाकळ्या, पाने व बिया यांनी भरायचा. रंगाचा एक थेंबही चालत नाही. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, कौलांसारख्या एकीवर एक, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. फळी सात दिवस विहिरीपाशी उभी राहते. मग ती माती भूमीला परत करायची.

पतीच्या नोकरीपायी बहारीनमधल्या जनाबियाला आलेल्या मिसेस हॅलम यांनी हे व्रत येथेही सोडले नव्हते. बंगल्यांच्या वसाहतीच्या कोपऱ्यात गोड्या पाण्याचा जुना झरा होता. तो आटून चाळीस वर्षे झाली होती. दगडी कडे तेवढे उरले होते, आणि त्या एका दिवसापुरते चौकीदार कमाल त्यात टँकरचे पाणी सोडत असे. मायदेशी हा सोहळा उन्हाळ्यात होई. येथे उन्हाळ्यात पाकळी तासभरही टिकली नसती, म्हणून मार्चचा आरंभ ठरला होता. यंदाची फळी शेवटची. महिनाअखेर मुलगा त्यांना इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमात नेणार होता.

रेजिना वसईच्या फुलवाडीत वाढलेली, सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या घरी कामाला आलेली. नख न लावता पाकळी उचलणारी तिची बोटे मिसेस हॅलम यांनी पहिल्याच वर्षी हेरली. त्यांची स्वतःची बोटे संधिवाताने वळली, तेव्हापासून प्रत्येक पाकळी रेजिनाच लावी. फळी मात्र मिसेस हॅलम यांची म्हणूनच ओळखली जाई, आणि त्यात रेजिनाला कधी वावगे वाटले नव्हते.

पाय धुऊन ती व्हरांड्यात आली आणि तिने विषय काढला. काल, सोमवारी संध्याकाळी, भाऊ वॉरनचा फोन आला होता. आईने अन्न सोडले होते. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता. आज रात्री निघता आले तर बरे होईल.

तिने सांगितले नाही ते एवढेच, की आईचे लग्नातले लाल चौकड्यांचे लुगडे तिच्या ट्रंकेत होते. दोन वर्षांपूर्वी रजेवर गेली असताना आईने ते स्वतः तिच्या हाती दिले होते. घरात ठेवले तर त्याच्या उशा शिवतील, असे म्हातारीचे म्हणणे. “मला पुरताना हेच नेसव,” ती म्हणाली होती. “तुझ्या हातानं.”

मिसेस हॅलम बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

“मी एकोणीस वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “वरच्या खोलीत आई अखेरच्या घटका मोजत होती आणि खाली कोठारात फळी अर्धी. वडील म्हणाले, पाकळी कुणासाठी थांबत नाही. मी फळी पुरी केली आणि मग जिना चढले.”

“आणि आई?”

“पाच मिनिटांपूर्वी गेली होती. पण साऱ्या गावाने माझं नाव घेतलं, रेजिना. अजून घेतात.” त्यांनी हात पुढे करून रेजिनाचे मनगट शोधले. “तीन दिवस. शुक्रवारी आशीर्वाद झाला की खलास, रात्रीच्या विमानाने जा. मी मुलाला तिकीट काढायला सांगते.”

डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता आणि शुक्रवार त्या आठवड्याच्या आत येत होता. पाकळ्या थांबणार नव्हत्या, आई थांबेल. हे रेजिनाने स्वतःच स्वतःला सांगितले. तिच्यावर कुणी सक्ती केली नव्हती, आणि पुढे हीच गोष्ट तिला सर्वांत जड गेली.

चित्र विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचे होते: काठावर बसलेला प्रभू तिच्याकडे पाणी मागतो आहे, आणि ती घडा घेऊन उभी. एकोणिसाव्या वर्षी मिसेस हॅलम यांनी हेच चित्र भरले होते आणि त्या स्त्रीला निळा झगा दिला होता, कारण त्यांच्या आईचा रविवारचा झगा निळा होता. यंदाही तोच रंग हवा होता. त्यासाठी हॉलंडहून विमानाने आलेली निळी फुले फ्रिजमध्ये ठेवली होती. बुधवारी दिवसभर रेजिनाने कॉफीच्या बियांनी रेषा बांधल्या, जमीन भरली, प्रभूचा चेहरा भरला. दर तासाला मिसेस हॅलम फळीवरून तर्जनी फिरवत आणि एखादी पाकळी उलटी बसली असेल तर तेथेच थांबत.

संध्याकाळी फोन वाजला.

“बाय, आय गेली,” वॉरन म्हणाला.

रेजिना फ्रिजला टेकून उभी राहिली.

“उद्या दहाला तिची मिस्सा आहे, मग दफन. तिचं लुगडं सापडत नाही गं. पेटीत नाही.”

“माझ्याकडं आहे.”

पलीकडे कोणीतरी भांडी हलवत होते.  मग वॉरनने विचारले, फियोनाची एक साडी आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही, ती नेसवू का? फियोना ही त्याची पत्नी.

“कसली आहे?”

“निळी.”

“नेसवा,” रेजिना म्हणाली.

मिसेस हॅलम यांना तिने काही सांगितले नाही. गुरुवारी सकाळी वसईच्या चर्चमध्ये दहा वाजले, तेव्हा येथे साडेसात झाले होते आणि ती त्यांच्यासाठी उकडलेले अंडे सोलत होती. टरफलाचा एकही कण राहू नये म्हणून तिने ते दोनदा धुतले.

दुपारी मिसेस हॅलम झोपल्यावर तिने ट्रंक उघडली. लुगडे फळीसमोरच्या खुर्चीच्या पाठीवर पसरले. निळ्या पाकळ्या तिने चित्रातल्या विहिरीच्या पाण्यात लावून संपवल्या. मग तांबड्या गुलाबाच्या पाकळ्या घेऊन ती त्या स्त्रीच्या पावलांपासून वर सरकू लागली. एक ओळ झाली की मान वर करून लुगड्याकडे पाही आणि पुन्हा खाली वाके. चौकड्यांच्या रेघा तिने मोहरीच्या दाण्यांनी घातल्या. कासोटा नीट बसेना, तेव्हा तेवढा भाग उपटून पुन्हा लावला. पदर खांद्यावर आला तेव्हा दुपारच्या चहाची वेळ झाली होती. तिने लुगड्याची घडी केली, ट्रंक लावली, कमालकडून फळी झऱ्यापाशी नेऊन उभी करवली आणि आधण ठेवले.

शुक्रवारी सकाळी पंधरा-वीस पाहुणे आले. कमालने कड्यात पाणी सोडले. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, पाण्याला आणि फळीला आशीर्वाद दिला. मग मिसेस हॅलम काठीच्या आधाराने पुढे झाल्या आणि सावकाश बोलल्या: आपला परगणा, ती महामारी, ते निर्मळ पाणी, वरच्या खोलीतली आई. शेवटी त्यांनी फळीच्या दिशेने हात केला. “आणि हा निळा,” त्या म्हणाल्या, “अगदी तिच्या झग्याचा आहे.”

पाहुण्यांनी त्या लाल चौकड्यांकडे पाहिले, मग एकमेकांकडे. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटले.

“फारच सुंदर निळा,” मागून एक बाई म्हणाल्या. इतरांनी माना डोलावल्या.

सर्व पांगल्यावर मिसेस हॅलम यांनी रेजिनाकडून आपला हात फळीवर ठेवून घेतला. तर्जनी खालून वर निघाली; जमीन, मग पाऊल. घोट्यापाशी ती अडखळली. आडवी रेघ, उभी रेघ, पुन्हा आडवी.

“झग्याला रेघा कसल्या?”

“झगा नाही, मॅडम. लुगडं आहे, आमच्याकडचं. आईचं.”

बोट आणखी तीन चौकड्या चढले आणि थांबले.

“केव्हा?”

“बुधवारी.”

“म्हणजे काल दिवसभर तू...”

रेजिना उभी राहिली. कशाची वाट पाहत आहोत हे तिला नेमके सांगता आले नसते. एखाद्या शब्दाची, बहुधा. मिसेस हॅलम यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. एकोणीस वर्षांच्या मुलीला गावाने ओट्यावर बोलावून शाबासकी दिली असेल, तेव्हा तो असाच उजळला असेल.

“आधी फळी पुरी केलीस,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावात तुझं नाव घेतलं असतं, रेजिना.”

रेजिनाने त्यांचा हात फळीवरून उचलला, ओल्या फडक्याने बोटाला लागलेली माती पुसली आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

“तिकीट आजचं आहे,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “कपडे भरलेस का?”

“आता घाई नाही, मॅडम. सात दिवस थांबते. माती परत करायची आहे ना.”

“त्याला तू कशाला? कमाल खणेल खड्डा.”

“नाही,” रेजिना म्हणाली. “मीच खणीन.”

ती खोलीत गेली आणि ट्रंक उघडून तिने लुगडे बाहेर काढले. मग मागल्या दाराने अंगणात येऊन ती कडेच्या मोकळ्या जमिनीवर बसली, आणि खड्डा किती लांब-रुंद लागेल ते पाहण्यासाठी लुगड्याची घडी तिने मातीवर मांडली.