तारेचं एकटेपण आणि अर्धवट राहिलेला सुळा

मित्रांनो, फरशीवर पडले तर शोधून सापडणार नाही, इतकी बारीक मी दातांवरची एक जुनी तार आहे. निकेल आणि टायटॅनियम वितळवून मला घडवलं. कितीही वाकवा, मी आपल्या मूळ कमानीत परत येते. येता येता वाकड्या दातालाही ओढून आणते!

मला मिळाली आठवीतली मनी. तिचा एक सुळा वर चढून बसला होता. त्याला रांगेत आणणं, एवढं एकच माझं काम. पण मनी तोंड मिटूनच असायची, त्यामुळे मी कायम अंधारात. बोलायला कोणी नाही. सुळा तर माझ्यावर रुसलेलाच.

बसवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "स्वच्छता नाही ठेवलीस तर काढून टाकीन हं." मनीने त्याची धास्तीच घेतली. चूळ भरायचं गुलाबी औषध ती दिवसातून पाचदा घ्यायची. घेऊन थुंकायची नाही, गाल फुगवून गणितं सोडवत बसायची.

"मने, पेन्सिल कुठंय?" दादा विचारायचा.

"उं उं."

"बरं झालं, घरात शांतता तरी आहे."

सगळे हसायचे. आत माझ्या अंगाची आग व्हायची. माझी चकाकी गेली, अंगावर बारीक खड्डे पडले. सुळा आता तांदळाच्या दाण्याएवढाच वर राहिला होता आणि एका सकाळी मी तुटले.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "किती वेळा घेतेस औषध?"

"पाचदा. जास्त स्वच्छ व्हावं म्हणून."

"अगं, बाटलीवर दिवसातून एकदा, अर्धं मिनिट लिहिलंय. त्यातलं फ्लोराइड दातांना चांगलं, पण इतका वेळ राहिलं तर तारेला खातं."

मनीचे डोळे भरले. "मी तर काळजीच घेत होते."

खरंच घेत होती हो. मला तिचा राग आला नाही.

नवी तार बसली. मी आता एका डबीत असते. डॉक्टरीणबाई झाकण उघडून मुलांना मला दाखवतात, मुलं "ई" म्हणतात, झाकण बंद.

मित्रांनो, तुमच्या दातांवर तार असेल तर घासा, चुळा भरा, पण बाटलीवरची बारीक अक्षरं आधी वाचा. आणि कधी मनी भेटली, तर तिचा सुळा रांगेत आला का, तेवढं बघून या. मला इथे कोणी सांगत नाही.