बेचिराग

"जहाँ चिराग नहीं, यानी बिजली नहीं, वो बेचिराग! लफ़्ज़ में ही लिखा है, बिवलकरजी!"

दिल्लीच्या सक्सेनासाहेबांनी अर्थ लावला आणि बारा जणांच्या समितीतल्या दहा माना डोलल्या. देशभरच्या सरकारी नकाशांसाठी एकच शब्दसूची, एकेका शब्दाला एकेक आकडा, असं थोर कार्य झाशीच्या कचेरीत चाललं होतं. दोन वर्षांत एकमत झालं ते फक्त समोशांवर.

यज्ञेश्वर बिवलकर तिथे एकतीस वर्षं नकाशे काढत होता. तो म्हणाला, "साहब, बेचिराग याने उजाड़ गाँव. आदमी ही नहीं. बिजली से क्या लेना-देना?"

"आपकी मराठी में होता होगा."

"मराठीत बेचिराख म्हणतात," यज्ञेश्वर पुटपुटला. "निदान राख तरी उरते."

विजेची जोडणी नाही, म्हणजे बेचिराग, म्हणजे आकडा नऊ, म्हणजे माणूस नाही. ठरलं! सह्यांचीही वाट न बघता कचेरीतल्या संगणकयंत्राने एका दुपारात इतकी गावं ओस पाडली, की पेंढाऱ्यांनी लाजून घोडे विकावेत.

मऊरानीपूरकडच्या धनौरा खिरकात साठ उंबरे. सात वर्षं विजेसाठी अर्ज चाललेले. आता उत्तर आलं : निर्जन गावाला जोडणी देता येत नाही. मतदानाला मात्र हेच निर्जन गाव रांगा लावून हजर असे. त्याबद्दल यंत्राची तक्रार नव्हती.

तिथला कमोद अहिरवार ते पत्र घेऊन कचेरीत आला. "पंडज्जी, हम औरें मर गए का?"

"मरे नहीं, भैया. नौ नंबर हो गए."

महिनाअखेर सूची सहीला आली. अकरा सह्या झालेल्या.

"कर दीजिए, बिवलकरजी," सक्सेना गोड हसले. "आपके रिटायरमेंट के काग़ज़ भी मेरी ही मेज़ पर हैं."

यज्ञेश्वरने पेनाला टोपण लावलं.

घरी इंदूने विचारलं, "केलीत सही?"

"नाही."

"मग आता कागद सडतील तिकडे." तिने ताट वाढलं. "जेवा."

सूची छापून आली. अकरा नावं झोकात. बारावा रकाना यंत्राला रिकामा चालेना, म्हणून तिथे त्याने आपल्या अकलेने छापलं : 'व्यक्ती उपलब्ध नाही.'

व्यक्ती त्या दिवशी धनौरा खिरकात बाजेवर बसली होती. मांडीवर फळी, फळीवर कागद. काळ्या शाईने तेविसावा चौकोन पुरा करून यज्ञेश्वरने मान वर केली.

"आगे किसका घर?"

"हमाई भौजी को," कमोद म्हणाला. "तनक बड़ो बनइयो, पंडज्जी. नईं तो लड़हैं."


यज्ञेश्वरने रेघ थोडी पुढे नेली.